भूत दिसणाऱ्या मुलीची निर्दोष सुटका

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या भूतकादंबरीवर आक्षेप घेणाऱ्यांचे साधारणतः दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग विवेकवाद्यांचा. भूत अस्तित्वात नाही, म्हणून भुताची गोष्ट मुलांच्या हाती देऊ नये, असे त्यांचे सरळ गणित असते. दुसरा वर्ग अभिरुचीच्या रखवालदारांचा. त्यांच्या लेखी हा सारा प्रकार बाजारू असल्यामुळे त्याचा विचार करणे हाच मुळी काळाचा अपव्यय ठरतो. या दोन्ही वर्गांचे एका बाबतीत मात्र एकमत आहे. प्रत्यक्ष कादंबरी वाचून पाहण्याची गरज दोघांनाही भासत नाही. परिणामी या कादंबरीचा जो खरा दोष आहे, त्याला कोणी हातच लावलेला नाही. तो दोष अंधश्रद्धेचा नाही आणि सवंगपणाचाही नाही. तो न्यायबुद्धीचा आहे. जिला भुते दिसतात ती मुलगी आजारी नाही, हे सिद्ध करण्यासाठी ही कादंबरी आपले सारे बळ पणाला लावते आणि ते सिद्ध करता करता, जी मुले खरोखर आजारी असतात त्यांना निमूटपणे दाराबाहेर उभे करते.

हे विधान सर्वसाधारण स्वरूपात केल्यास अन्यायाचे ठरेल. म्हणून या प्रकारातील एक समर्थ कादंबरी समोर ठेवणे इष्ट. कॅनडातील लेखिका केली आर्मस्ट्राँग यांची ‘द समनिंग’ ही कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली. २००९ आणि २०१० साली तिचे पुढील दोन भाग आले आणि ‘डार्केस्ट पॉवर्स’ या नावाने ही त्रयी पूर्ण झाली. लेखिकेने विद्यापीठात मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेले आहे आणि कथा कशी पुढे न्यावी याची त्यांची जाण पक्की आहे. दुबळ्या पुस्तकाला दोष देण्यात पुरुषार्थ नसतो. येथे विचारात घेतलेले पुस्तक दुबळे नाही, ही गोष्ट प्रारंभीच नोंदविलेली बरी.

कथानायिका क्लोई साँडर्स पंधरा वर्षांची आहे. तिची आई लहानपणीच वारलेली, वडील व्यवसायानिमित्त सतत फिरतीवर आणि आईची जागा बऱ्याच अंशी मावशीने घेतलेली. क्लोई बोलताना अडखळते, तिला चित्रपट दिग्दर्शित करायचे आहेत आणि बरोबरीच्या मुलींच्या मानाने आपण वयात उशिरा येत आहोत, याचा संकोच तिच्या मनात आहे. ज्या दिवशी तिला प्रथम ऋतुप्राप्ती होते, त्याच दिवशी शाळेत तिला चेहरा जळालेला एक सफाई कामगार दिसतो आणि तो तिच्या मागे लागतो. इतरांना मात्र तो दिसत नाही. त्यांना दिसते ती हवेशी झगडणारी, किंचाळणारी एक मुलगी. तिची रवानगी इस्पितळात होते आणि तेथून ‘लाइल हाउस’ नावाच्या, मानसिक अडचणी असलेल्या किशोरवयीनांच्या निवासगृहात. तिला स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्याला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात तो आजार असल्याचे निदान केले जाते.

येथपर्यंतची कादंबरी खरोखर चांगली आहे. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की वडीलधाऱ्यांच्या शब्दावर, या पेचात सापडलेल्या मुलीचे मन लेखिकेने प्रामाणिकपणे उभे केले आहे. क्लोई आपल्या आजाराविषयी माहिती मिळविते, लक्षणांची यादी स्वतःशी ताडून पाहते आणि आपण आजारी असू शकतो, ही शक्यता स्वीकारण्याचा प्रयत्न करते. शहाण्यासारखे वागले तर आपल्याला घरी सोडतील, अशी आशा बाळगून ती गप्प राहण्याचे शिकते. ज्या मुलाला किंवा मुलीला कधी असे निदान ऐकावे लागले असेल, त्याला या पानांत आपली ओळख पटेल. आपल्याला काय दिसते हे सांगितले तर काय होईल आणि न सांगितले तर काय होईल, या दोन भीतींमधली ही अवस्था आहे. साहित्याने शिरावे अशीच ही जागा आहे.

पण कादंबरी तेथे थांबत नाही, किंबहुना तेथे थांबण्याचे धैर्य तिच्यात नाही. भुते खरी असतात. क्लोईला दिसणारे सारे सत्य असते. ती मृतात्म्यांशी संपर्क साधू शकणारी, इतकेच नव्हे तर त्यांना पुन्हा त्यांच्या प्रेतांत खेचून आणू शकणारी एक असामान्य व्यक्ती ठरते. निवासगृहातील तिच्या सोबत्यांपैकी एक लांडग्याचे रूप घेऊ शकणारा, एक मंत्रविद्या जाणणारा, एक चेटकविद्या उपजतच असलेली, तर एकीच्या हातात अग्नी प्रकट करण्याची शक्ती. या मुलांवर जन्मापूर्वीच अनुवंशीय फेरफार करण्यात आलेले आहेत. ज्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती आहेत, ते ‘एडिसन ग्रुप’ नावाच्या एका गुप्त संशोधक गटाचे लोक आहेत. क्लोईची मावशी स्वतः डॉक्टर असून तीही या गटाशी बांधलेली आहे.

आता या मांडणीचा अर्थ पाहावा. ज्या घराचे वर्णन कादंबरी मानसिक आजार असलेल्या मुलांचे घर म्हणून करते, त्या घरातील कथेच्या दृष्टीने महत्त्वाचे असे एकही मूल आजारी नाही. ज्याला रागावर ताबा नाही असे म्हटले जाते, तो वस्तुतः अमानवी बळाचा धनी आहे. जिला आगी लावण्याची विकृती आहे असे ठरविले जाते, तिच्या हातातच अग्नी आहे. प्रत्येक निदान खोटे, प्रत्येक नोंदवही बनावट, प्रत्येक गोळी संशयास्पद. आजार या वस्तूलाच कथेने आपल्या जगातून हद्दपार केले आहे. उरतात ती फक्त गैरसमजाला बळी पडलेली असामान्य मुले.

क्लोईवरील आरोप काय होता? आजारी असण्याचा. कादंबरी तिची या आरोपातून निर्दोष सुटका करते आणि वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु आरोपीची सुटका करण्यात आनंद मानायचा, तर आरोप हा गुन्ह्याचा असला पाहिजे. आजार हा गुन्हा आहे, असे कादंबरी कोठेही उघडपणे म्हणत नाही. तिची सारी रचना मात्र तेच गृहीत धरून उभी आहे. तू आजारी नाहीस, तू विशेष आहेस, हा तिचा सांत्वनाचा मंत्र आहे. जे मूल आजारी आहे आणि विशेष वगैरे काही नाही, त्याच्यासाठी या मंत्रात एक अक्षरही नाही.

हे मूल काल्पनिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगातील सुमारे तीनशे माणसांमागे एकाला छिन्नमनस्कता असते आणि हा आजार बहुधा किशोरवयाच्या उत्तरार्धात किंवा विशीत डोके वर काढतो. म्हणजे ज्या वयाच्या वाचकांसाठी ही कादंबरी लिहिली गेली, नेमके त्याच वयाच्या उंबरठ्यावर. उपचार जितके लांबतात तितकी पुढची वाट अवघड होते, ही गोष्ट वैद्यकाने वारंवार नोंदविलेली आहे. अशा परिस्थितीत डॉक्टर म्हणजे कटातले भागीदार, औषध म्हणजे शक्ती दडपण्याचे साधन आणि सर्वांत जवळचे माणूस म्हणजे विश्वासघातकी, ही कल्पना केवळ रोमांचक राहत नाही. आजाराची सुरुवात झालेल्या पुष्कळ मुलांच्या मनात हीच कल्पना आधीपासून घर करून बसलेली असते. संशय हे त्या आजाराचे एक प्रमुख लक्षणच आहे. त्या संशयाला कादंबरी होकार देते, तोही अत्यंत आकर्षक शब्दांत.

येथे एक उत्तर ठरलेले आहे. ही करमणूक आहे, आणि मुलांना खरे आणि खोटे यांतील फरक कळतो, असे म्हटले जाईल. ते बरोबरच आहे. कादंबरी वाचून कोणी आजारी पडत नाही आणि तसा दावा करणे हास्यास्पद ठरेल. प्रश्न मुलांच्या भाबडेपणाचा नसून कादंबरीच्या प्रामाणिकपणाचा आहे. ज्या लेखिकेला अनुवंशीय प्रयोगांची शास्त्रोक्त वाटावी अशी चौकट उभारता येते, तिला निदानाच्या बाबतीत काळजी घेणे अशक्य नव्हते. कादंबरी प्रसिद्ध झाली त्या काळी अमेरिकेत प्रचलित असलेल्या निदानसंहितेनुसार छिन्नमनस्कतेच्या निदानासाठी आजाराच्या खुणा किमान सहा महिने टिकून असाव्या लागत. क्लोईच्या कपाळी हा शिक्का काही दिवसांत बसतो. डॉक्टर खोटेच आहेत, तेव्हा त्यांचे निदानही खोटे असणार, असा बचाव करता येईल. पण मग खरे निदान कसे असते, खरा डॉक्टर कसा वागतो, हे दाखविणारी एकही खिडकी कादंबरीत उघडी ठेवलेली नाही. वाचकाच्या हाती येतो तो फक्त खोटा नमुना.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. कादंबरी दोनच दारे मानते: एक तर भूत खरे, नाही तर मुलगी वेडी. मानवी अनुभवाला मात्र याहून कितीतरी अधिक दारे आहेत. वेल्समधील डेवी रीस या डॉक्टरांनी जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्रीपुरुषांच्या मुलाखती घेऊन १९७१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या माणसांना गेलेल्या जोडीदाराचे अस्तित्व जाणवले होते. काहींनी त्याला पाहिले होते, काहींनी त्याचा आवाज ऐकला होता, काही त्याच्याशी बोलतही असत. बहुतेकांनी ही गोष्ट कोणाजवळही उघड केलेली नव्हती. ही माणसे वेडी नव्हती आणि त्यांना कोणती सिद्धीही प्राप्त झालेली नव्हती. त्यांचे माणूस गेले होते, एवढेच.

मुलांच्या बाबतीतही असेच आहे. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणारा एक निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार नऊ ते बारा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १७ टक्के आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७.५ टक्के मुलांना आवाज ऐकू येण्यासारखे भासमान अनुभव आलेले असतात. यांतील बहुतेकांचे हे अनुभव पुढे ओसरतात. ताप, अपुरी झोप, निद्रा आणि जागृती यांच्या सीमेवरील क्षण, एकाकीपणा, शोक, अत्याचाराची आठवण, अपस्मार अशी कितीतरी कारणे त्यांच्या मुळाशी असू शकतात. म्हणजे जे दिसते त्याचा अर्थ लावणे हे संयमाचे, हळुवार काम आहे. क्लोईची आई वारलेली आहे, घर रिकामे आहे, शरीर बदलते आहे. या तीन गोष्टींमधूनच एक थोर कादंबरी निर्माण होऊ शकली असती. पण आईविषयीचे दुःख कथेच्या कडेला राहते आणि मध्यभागी येतो तो पाठलाग.

भूतकथेच्या परंपरेत दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता, असेही नाही. हेन्री जेम्स यांची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही दीर्घकथा १८९८ सालची. दोन मुलांचा सांभाळ करणाऱ्या तरुण शिक्षिकेला मृत नोकरांच्या आकृती दिसतात. त्या खऱ्या की तिच्या मनाच्या, याचा निवाडा कथा देत नाही. एडमंड विल्सन यांनी १९३४ साली ती भुते म्हणजे शिक्षिकेचे भास आहेत, असा पक्ष मांडला आणि तेव्हापासून हा वाद चालूच आहे. वाद संपत नाही, कारण लेखकाने शंकेला संपू दिलेले नाही. ती शंका ही वाचकाला दिलेली जबाबदारी आहे. किशोरवयीन वाचकाला ही जबाबदारी पेलणार नाही, असे बाजार मानतो. त्याला शेवटी सारे उलगडून, बांधून, पुढल्या भागाच्या जाहिरातीसह द्यावे लागते. किशोरांना कमी लेखणारा खरा माणूस हा बाजार आहे. त्यांच्या कादंबरीकडून अधिक मागणारा टीकाकार नव्हे.

या कादंबरीने आजारी मुलांवर जसा अन्याय केला, तसाच मृतांवरही केला आहे. नव्या भूतकादंबरीत भूत हे नायिकेच्या शक्तीचे प्रमाणपत्र होऊन बसते. अमेरिकी लेखिका मेग कॅबट यांच्या २००० साली सुरू झालेल्या ‘मीडिएटर’ मालिकेत तर जुन्या काळातला एक तरुण मृतात्मा नायिकेच्या खोलीतच राहतो आणि यथाक्रम तिचा प्रियकर होतो. आर्मस्ट्राँग यांचे याबाबतीत श्रेय मान्य केले पाहिजे. निवासगृहातून हलविण्यात आलेली लिझ ही मुलगी आपण मेलो आहोत हे न कळताच क्लोईजवळ येत राहते. तो धागा हृदय हलविणारा आहे. प्रेतात कोंडल्या गेलेल्या आत्म्याच्या यातनांचाही लेखिकेला विसर पडलेला नाही. तथापि कथेला पळायची घाई आहे. मेलेल्या मुलीसाठी शोक करायला तिला सवड नाही. लिझही लवकरच पलायनाच्या मोहिमेतली एक उपयुक्त सहकारी बनते.

नील गेमन यांची ‘द ग्रेव्हयार्ड बुक’ ही कादंबरीही नेमकी २००८ सालची. तिला २००९ चे न्यूबेरी पदक आणि २०१० चे कार्नेगी पदक मिळाले. तिच्यातही एका मुलाला भुते दिसतात. किंबहुना दफनभूमीतील भुतेच त्या अनाथ मुलाला वाढवितात. मात्र तेथील प्रत्येक मृताला त्याचे नाव आहे, त्याचे शतक आहे, त्याच्या काळाचे शिष्टाचार आहेत. आणि मुलगा मोठा होऊ लागतो तसतशी त्याची भुते पाहण्याची दृष्टी मावळत जाते. जगायला बाहेर पडायचे तर मृतांचा निरोप घ्यावा लागतो, हे दुःख ती कादंबरी पचविते. एका कादंबरीत वयात येणे म्हणजे शक्ती मिळणे आहे, दुसरीत वयात येणे म्हणजे काहीतरी कायमचे गमावणे आहे. किशोरवयाचे सत्य या दोहोंपैकी कोणाच्या अधिक जवळ आहे, हे प्रत्येक प्रौढ माणूस मनोमन जाणतो.

आणखी एक समर्थन ऐकू येते आणि ते अधिक चतुर आहे. भुते हे रूपक आहे, असे म्हणतात. वडीलधाऱ्यांना जे दिसत नाही ते मुलांना दिसते. मुलीचे म्हणणे कोणी ऐकत नाही. तिच्या साक्षीला किंमत नाही. भुताच्या मिषाने कादंबरी हेच सांगते. हे मान्य करण्यास हरकत नाही. मुलीवर विश्वास ठेवा, हा संदेश मोलाचाच आहे. पण रूपकासाठी उसने घेतलेले साहित्य कोणाच्या घरचे आहे, हेही पाहावे लागते. येथे ते एका वास्तव आजाराच्या घरचे आहे. त्या आजाराची भीती, त्याची लाज, त्याची इस्पितळे, त्याच्या गोळ्या असे सारे कादंबरीने उसने नेले आणि परत करताना आजारच नव्हता असे सांगून मोकळी झाली. शिवाय विश्वास ठेवणे म्हणजे मुलीने लावलेला अर्थ जसाच्या तसा स्वीकारणे नव्हे. तिला काहीतरी दिसले, ती घाबरली, ती खोटे बोलत नाही, इतके मानणे हा विश्वास आहे. त्यापुढे तिच्यासोबत बसून त्या दिसण्याचा अर्थ शोधावा लागतो. असा सोबती क्लोईला कादंबरीने एकाही प्रौढाच्या रूपाने दिलेला नाही.

ही कादंबरी उत्तर अमेरिकेत लिहिली गेली. तेथील मुलीने भूत दिसल्याचे सांगताच तिला इस्पितळात नेतात, या गृहीतावर ती उभी आहे. तिचे बंड त्या इस्पितळाविरुद्ध आहे. इंग्रजी वाचणाऱ्या भारतीय किशोरांच्या हाती मात्र हीच कादंबरी पोचते, तेव्हा तिच्या पायाखालची जमीनच बदलते. येथे भूत दिसल्याचे सांगणाऱ्या मुलीवर अविश्वास दाखविला जातोच असे नाही. पुष्कळ घरांत तिच्यावर तत्काळ विश्वास ठेवला जातो आणि तिची यातना तेथूनच सुरू होते. तिला देवऋषाकडे नेले जाते, अंगारा लावला जातो, मिरच्यांची धुरी दिली जाते, वेताचा मार दिला जातो. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलेच कलम भूत उतरविण्याच्या बहाण्याने दोरखंडाने किंवा साखळीने बांधणे, मारहाण करणे, धुरी देणे अशा प्रकारांविषयी आहे. हे प्रकार घडत होते, म्हणूनच ते कायद्यात लिहावे लागले. ज्यांनी या कायद्यासाठी आयुष्य वेचले, त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला आणि त्यानंतरच शासनाला वटहुकूम काढण्याची निकड भासली.

तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली. तेथील दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी निवासस्थानात मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवलेले होते. त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली आणि पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचे आढळून आले. जेथे डॉक्टरांपर्यंत पोचणे हेच मुळी दुर्मीळ भाग्य आहे, तेथे डॉक्टरांपासून पळून जाण्याची कथा निरागस राहत नाही. एरवाडीच्या साखळदंडांत ज्यांचा जीव गेला, त्यांच्यापैकी कोणालाही लांडग्याचे बळ नव्हते.

म्हणून अशा कादंबऱ्यांवर बंदी घालावी काय? मुळीच नाही. विवेकवाद्यांचा तो मार्ग साहित्याला घातक आहे आणि निरुपयोगीही. भूत हे माणसाच्या कल्पनेचे फार जुने आणि फार उपयुक्त अपत्य आहे. मराठी लोकसमजुतीतील भुतेच पाहावीत. मुंज झाली पण लग्न होण्याआधीच मरण आले, असा पोरगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणात दगावलेली स्त्री हडळ होते. धनाची वासना सुटली नाही असा माणूस समंध होऊन ठेव्यावर बसतो. या प्रत्येक नावामागे अपुरे राहिलेले एक आयुष्य आहे, समाजाने न फेडलेले किंवा फेडता न आलेले एक देणे आहे. हडळीच्या भीतीमागे किती बाळंतिणींचे मृत्यू दडलेले आहेत! भूत न मानणाऱ्यालाही हे देणे मानावे लागते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकांच्या पिढ्यांना भयाची गोडी लावली, म्हणून त्या पिढ्या देवऋषाच्या दारात जाऊन बसल्या, असे कोणी म्हणू शकणार नाही. भय हा रस आहे आणि तो किशोरांनाही हवा असतो.

मागणी बंदीची नाही. मागणी अधिक धीट कादंबरीची आहे. ती अशक्य नाही, हे इतरांनी दाखवून दिलेले आहे. दिवंगत लेखिका शिवॉन डाउड यांच्या मूळ कल्पनेवरून पॅट्रिक नेस यांनी लिहिलेल्या ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११) या कादंबरीत आईच्या कर्करोगाने खचलेल्या तेरा वर्षांच्या मुलाकडे रात्री एक अजस्र वृक्षराक्षस येतो. तो राक्षस खरा की स्वप्नातला, हा प्रश्न हळूहळू गौण होत जातो. मुलाने जे कबूल करायला हवे, ते तो त्याच्याकडून वदवून घेतो. तेथे राक्षस शक्तीही देत नाही आणि वेडाचा शिक्काही आणीत नाही. तो दुःखाला तोंड देतो. नील शस्टरमन यांच्या ‘चॅलेंजर डीप’ला २०१५ साली अमेरिकेतील किशोर साहित्याचे राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक मिळाले. तिच्यातील पंधरा वर्षांचा केडन हा क्लोईच्याच वयाचा आहे. त्याला दिसणारे जहाज, कप्तान आणि समुद्रतळ हे सारे आजारातून आलेले आहे आणि तरीही ते तितकेच भव्य, तितकेच भयाण आहे. लेखकाने स्वतःच्या मुलाच्या आजारपणातील अनुभव आणि त्या काळात त्याने काढलेली चित्रे या पुस्तकासाठी आधाराला घेतली. केडन इस्पितळात जातो, औषधे घेतो, ती औषधे त्याला जड जातात, आणि अखेरीस तो पूर्ण बरा झाला असे खोटे आश्वासन कोणी देत नाही. तो आजारी आहे आणि तोच नायक आहे. ही दोन वाक्ये एकत्र लिहिता येतात, हे या कादंबरीचे खरे कर्तृत्व आहे.

याच कसोटीवर यापुढील भूतकादंबरी तपासली जावी, मग ती इंग्रजीतली असो, भाषांतरित असो की मराठीत नव्याने लिहिली जाणारी असो. तिच्यात भुते जरूर असावीत. ती खरी असली तरी चालतील. पण त्या मुलीच्या शेजारच्या खाटेवर, जिला दिसणारी भुते खरी नाहीत अशी एक मुलगीही असावी. ती खोटारडी नसावी, खलनायिका नसावी, उपहासाचा विषय नसावी. नायिकेला जसे नाव, आवड, हट्ट आणि भय आहे, तसेच तिलाही असावे. कथानायिका खिडकीतून उडी मारून निसटते, त्या रात्री ही दुसरी मुलगी मागे राहील, सकाळी उठेल, गोळी घेईल आणि आज आवाज कमी आहेत की जास्त, याचा अंदाज घेत खाटेवर बसून राहील. तिच्या धैर्याची दखल घेणारे एक प्रकरण ज्या कादंबरीत असेल, ती कादंबरी मुलांच्या हाती निःशंकपणे द्यावी.